सामंतबाईंची धास्ती

दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या गणिताच्या सामंतबाई शाळेच्या फाटकात उभ्या राहायच्या. पास झालेली मुलं पेढे द्यायची. बाई तो पेढा हातातच धरून नापास झालेल्यांकडे बघत राहायच्या. त्यांतल्या कुणालाही एकटं बाहेर सोडायच्या नाहीत. आई, मोठा भाऊ, शेजारी, कुणीतरी न्यायला आलंच पाहिजे. कुणीच नाही आलं तर शिपायाला बरोबर धाडायच्या.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील, मी अंधेरीच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. मला हे जरा अतीच वाटायचं. बाई वर्गात कडक नव्हत्या. उंची बेताची, आवाज बसका, पदराला कायम खडू लागलेला. मूळच्या मालवणकडच्या. एरवी शुद्ध बोलत, पण जीव घाबरा झाला की मालवणी बाहेर यायची.

"मुलांना माझ्या विषयाची भीती वाटते म्हणतेस ना," एकदा त्या मला म्हणाल्या, "मला त्या मुलांची वाटते गं. आधीच्या शाळेत एक मुलगा गणितात गेला. घरी पोचलाच नाही."

 

मग रत्ना गावकरचा निकाल आला. रत्ना माझी लाडकी. तिचे निबंध मी दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवायचे. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. आणि गणित गेलं की दहावी गेली. त्या दुपारी फाटकात पालकांची झुंबड होती, आणि रत्ना मागच्या मोडक्या कुंपणातून निघून गेली.

बाईंना कळलं तशा त्या माझा हात धरून निघाल्या. रिक्षा करून आम्ही जोगेश्वरीला तिच्या चाळीत गेलो. तिची आई दारात तांदूळ निवडत होती. आम्हा दोघींना बघून तिनेच विचारलं, "रत्ना कुठाय?"

शेजारची एक मुलगी चाचरत म्हणाली, "ती कधीकधी गुंफेत जाऊन बसते, बाई."

देवीच्या जुन्या लेण्यांना तिथे गुंफाच म्हणतात. पायऱ्या उतरलो तसा उजेड मागे राहिला. कुबट ओला वास, छतातून ठिबकणारं पाणी, लांब देवीपुढे एक समई. खांबामागे काही हललं की मी जागीच थबकायचे, आणि वटवाघूळ उडायचं. "रत्ना! रत्ना गो!" बाई हाका मारत होत्या. हाक दगडावर आपटून तशीच परत येत होती.

एका कोपऱ्यात काळं पाणी साचलं होतं. बाई तिथे थांबल्या. मला पुढे जायचा धीर होईना. त्या वाकल्या, कोपरापर्यंत हात घालून चाचपडल्या. "हय काय नाय," म्हणाल्या, आणि त्यांचे दात वाजत असलेले मला ऐकू आले.

रत्ना पलीकडच्या दालनात होती, भिंतीला चिकटून. "बाई, बाबांना सांगू नका," एवढंच म्हणत होती. सामंतबाई तिच्या शेजारी त्या ओल्या दगडावर बसल्या. उपदेश केला नाही, समजूत घातली नाही. "ऊठ गो बाय," म्हणाल्या, "घराक चल. जेवलंस नाय तू."

रत्नाचे बाबा गिरणी बंद पडल्यापासून पहारेकऱ्याची नोकरी करत. आम्ही रत्नाला घरी आणलं तेव्हा ते मारतील या भीतीने मी दारातच आडवी उभी राहिले. पण ते पोरीला पोटाशी धरून स्वतःच थरथरत होते. मग म्हणाले, "बाई, हिशेब हिला येतो. बाजारात कोणी फसवत नाय हिला. मग ते बीजगणित, भूमिती सगळ्यांना सक्तीचं कशाला हो?"



शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांच्या बैठकीत सामंतबाईंनी तोच प्रश्न मांडला. "आठवीपर्यंतचं गणित सगळ्यांना. पुढचं ज्याला हवं त्याला."

मुख्याध्यापक चिडले नाहीत. "मग आधी कोण सोडेल, बाई? मुलीच. घरचेच म्हणतील, हिला काय करायचंय गणित? सक्तीचं नसतं तर तुम्हाला तरी शिकू दिलं असतं?"

"नसतं दिलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे ठेवलं तरी भीती, काढलं तरी भीती."

ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत त्या रोज संध्याकाळी रत्नाला शिकवायला जोगेश्वरीला जात. निकालाच्या दिवशी मात्र रत्नाने त्यांना अडवलं. "बाई, तुम्ही आमच्या घरी थांबा. मी एकटी जाईन, एकटी येईन."

बाईंनी ऐकलं. मला सोबतीला घेऊन गावकरांच्या खोलीत जाऊन बसल्या. रत्नाची आई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती, बाबा चाळीच्या तोंडाशी उभे होते. बाहेर पावलं वाजली की बाई अर्धवट उठायच्या, आणि पावलं पुढे निघून गेली की पुन्हा बसायच्या. दुपार सरत आली. मला गुंफेतलं ते काळं पाणी दिसायला लागलं.

रत्ना आली. दारात चपला काढल्या. "बाई, परत गेलं. भूमितीने खाल्लं." मग आईकडे वळून म्हणाली, "भूक लागलीय, वाढ ना."

सामंतबाई हुंदके देऊन रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रत्नाची आई गोंधळली. "असं नका करू, बाई. मार्चला सुटेल ती."

"मार्चचं मार्चला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पोर घराक इली. वाढा तिका."