ओमा आमच्या सोप्यात जेवून गेली

मी बी.एस्सी. झालेला माणूस, आमच्या घरातला पहिलाच. गावात कुणाला ‘बाहेरचं’ झालंय म्हणाले की मी आधी थर्मामीटर लावायला सांगायचो — अजूनही सांगतो. त्यामुळे हे लिहावं की नको, यातच बरीच वर्षं गेली. पण घडलं ते घडलं...

आमचं गाव पलूसच्या अलीकडे. काळ सत्तरच्या दशकातला. मी पश्चिम जर्मनीत दोन वर्षं काढून नुकताच परतलो होतो. जाताना मनात एकच होतं — भाषा शिकायची आणि दुभाषी व्हायचं. सांगलीच्या कॉलेजातल्या सरांनी खटपट करून मला पाठवलं, ते उपकार मी विसरलेलो नाही. पण काम मिळालं एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. बटाटे सोलायचे, ताटं धुवायची. सोबतची पोरं तुर्की नाहीतर युगोस्लाव्ह, सगळं खुणांवर चालायचं. संध्याकाळच्या भाषेच्या वर्गाला जायचं रोज ठरवायचो आणि बूट न काढताच झोपायचो.

तिथं एक म्हातारी होती, डोक्याला कायम निळा फडका बांधलेली. सगळे तिला ओमा म्हणत, म्हणजे आजी. माझ्यासमोर बसून बटाटे सोलायची आणि माझ्याशी सावकाश काहीबाही बोलत राहायची. मी मान हलवून ‘होय’ म्हणायचो. त्यांच्या भाषेतलं तेवढं येत होतं. आमच्याकडे मोठ्या माणसाला ‘समजलं नाही’ म्हणणं म्हणजे उलट बोलणं... ती सवय तिकडेही सुटली नाही.

एकदा तिनं माझा हात धरून बराच वेळ काही सांगितलं. मी ‘होय’ म्हणालो. ती केवढी खूश झाली! पुढच्या सोमवारी तिनं एवढंसंच काहीतरी विचारलं. मी पुन्हा ‘होय’ म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि त्या दिवसापासून दुसऱ्या टेबलावर बसू लागली. गोरी माणसं लहरी असतात, अशी मी मनाची समजूत घातली. गावात आल्यावरही तेच सांगत फिरलो.

गावात माझं नाव ‘जर्मन’ पडलं होतं. आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन — त्यांना आम्ही आबा म्हणायचो — त्यांनी बोलावून घेतलं.

“नव्या मशीनसाठनं जर्मनीचा फिटर येतोय उद्या. त्याचं आमाला सांगायचं, आमचं त्याला. पर्मनंट करतो बग तुला. जमंल न्हवं?”

मी म्हणालो, “व्हय आबा.”

दुपारी घरी आलो तर आई म्हणाली, “आरं, एक गोरी म्हातारी यिऊन गेली. तुझं नाव घेत हुती.”

“मिरजेकडची मिशनची बाई असेल.”

“मलाबी तसंच वाटलं. डोस्क्याला निळा फडका, लय दमल्याली. म्हणली, तुमचं पोरगं बरं हाय न्हवं? रईवारी जेवाया येतो म्हणलं, मी दोन ताटं मांडून सांजपतुर बसले. आलंच न्हाई. दुसऱ्या दिशी इचारलं, इसरलास व्हय? तर व्हय म्हणलं.”

निळा फडका... ओमाबद्दल मी घरात एक शब्द बोललो नव्हतो.

“आई, ती कुठल्या भाषेत बोलली?”

“आता गं बया! आपल्याच की. मला समजलं म्हंजी आपलीच आसणार. मी सोप्यात दोन पितळ्या मांडून पिठलं-भाकरी वाढली, संगं बसले. म्हणलं, त्याच्या वाटणीचं तुमी जेवा. पोटभर जेवली. उटताना बोटाची पेरं भुईवर वाजवली दोन येळा — टक टक — आन् गेली.”

टेबलावर तशी पेरं वाजवून निरोप घ्यायची ओमाची रोजची पद्धत होती.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “जायाचं न्हवतं तर न्हाई म्हणायचं की रं. म्हातारं माणूस वाट बगत बसतंय.”

मी एस.टी.च्या थांब्यावर पळत गेलो. चहावाला हसायला लागला. “गोरी बाई? आरं गड्या, उतरली असती तर निम्मं गाव मागनं गेलं नसतं व्हय!”

तिथून तसाच आबांकडे गेलो. बैठकीत चार माणसं होती.

“आबा, मला जर्मन येत नाही.”

आबा म्हणाले, “मग दोन वर्सं तितं काय बटाटे सोलत हुतास व्हय रं?”

बैठक हसली.

“व्हय आबा,” मी म्हणालो. तेवढं ‘व्हय’ खरं होतं.

दुभाषी पुण्याहून आला. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं. आईला स्वप्न पडलं असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. पण जे मला समोर बसून कळलं नाही, ते तिला स्वप्नात कसं कळलं? आणि चुलीपाशी दोन उष्ट्या पितळ्या होत्या, त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

ओमा तेव्हा हयात होती की नव्हती, तेही मला ठाऊक नाही. चौकशी तरी कुठं करणार? तिचा पत्ता माझ्याकडे नाही. जेवायला बोलावताना तिनं तो सांगितला असेल... मी ‘होय’ म्हणालो असेन.