अभिमनआबांचा पोळ्याचा मान

पोळ्याला आमच्या वेशीतून पहिली बैलजोडी जाते ती अभिमनआबांची. याखेरीज आबांनी आयुष्यात काही मिळवलं असेल तर ते मला ठाऊक नाही, आणि मी त्यांच्या शेजारी जन्म काढलाय. बैलांवर जीव फार. 'वासानं बैल रुसतो' म्हणून औषध मारत नाहीत. गोचिडी हातानं काढायच्या आणि नखाखाली फोडायच्या. दोन आबांनी, बाकीच्या सालदार झुलालनं.

यंदा पोळ्याच्या तोंडावर झुलाल तापला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. धुळ्याच्या दवाखान्यातून कळलं, हा गोचिडीतून माणसात येणारा विषाणू. डॉक्टर प्रज्ञा आपलं पथक घेऊन गावात आल्या. झुलालनं गोचिडी कुठल्या गोठ्यात फोडल्या, एवढंच त्यांना हवं होतं. तो गोठा फवारायचा, तिथल्या माणसांवर लक्ष ठेवायचं, जनावरं बाहेर काढायची नाहीत.

बाहेर काढायची नाहीत म्हटल्यावर आबांना वेस दिसली.

"मना बैलसले गोचीड? एक तरी दखाडा!" आबा गरजले. "झुलालना घर बकऱ्या ऱ्हातस. तठेच व्हई."

गावानं मान डोलावली. झुलालच्या बायकोला, द्रौपदाबाईला, कोणी नळावर येऊ देईना. पथक तिच्या बकऱ्या तपासत बसलं आणि इकडे आबांची सून कामिनी उघड्या हातांनी बैल घासत होती.

"माय, हात नको लावू!" द्रौपदाबाई कुंपणावरून ओरडली. "मना माणूस तठेच मराले टेकना!"

आबांनी तिला हाकललं. सालदार नाही, म्हणून त्या दिवशी गोचिडी त्यांनी स्वतःच फोडल्या.

दोन दिवसांनी आबांचं अंग कढत झालं. मग मात्र डॉक्टरबाईंचे पाय धरायचेच काय ते राहिले. "समद्या गोचिडी मना बैलसन्या! मीच फोड्यात! माले वाचाडा!"

आबांना साधी सर्दी निघाली. विषाणू मात्र त्यांच्याच गोठ्यातल्या गोचिडीत सापडला. गोठा फवारला गेला, कामिनी बचावली आणि पोळ्याला जोडी दावणीलाच राहिली.

झुलाल बरा होऊन परतला, तेव्हा आबा पारावर सांगत होते, "तो रोग मीच शोधी काढा."

"हा आबा," झुलाल म्हणाला, "तुमना ताप मोठा हुशार निंघना."

द्रौपदाबाईनं त्याला त्या गोठ्यात पुन्हा जाऊ दिलं नाही. हल्ली गोचिडीचं औषध आबाच मारतात, कोपरापर्यंत हातमोजे घालून. बैल रुसल्याचं अजून ऐकलं नाही.