डी. आर. यांचं पूर्ण नाव

रेकॉर्ड हातात आली की काका आधी चष्मा कपाळावर चढवायचे, मधल्या गोल लेबलला जवळजवळ नाक लावायचे आणि म्हणायचे, “हेही डी. आर. यांचंच.”

काका म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मित्राचे वडील. पुण्याहून मुलाकडे इथे परदेशात, अवोन्डेलला राहायला यायचे. मित्राला रविवारची झोप प्यारी, म्हणून काकांना भाजीच्या आणि जुन्या वस्तूंच्या रविवारच्या बाजारात न्यायचं काम, मी शेजारीच राहत असल्याने, माझ्याकडे आलं. आता ते नाहीत आणि मी एकटाच जातो. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, ज्याला भाजीला पाठवावं आणि त्याने भलतंच काही आणावं. काका जुन्या लॅटिन गाण्यांच्या रेकॉर्ड्स आणायचे. स्पॅनिशचा गंध नव्हता. “ठेका ओळखीचा वाटतो,” एवढंच कारण सांगायचे.

लेबलवर गाण्याखाली कंसात गीतकाराचं नाव असतं. पुष्कळ गाण्यांखाली फक्त डी. आर. ही अक्षरं असायची. काकांचा जन्म विमा कचेरीत गेला होता, आणि तिथे निम्मी माणसं आद्याक्षरांवरच निवृत्त झाली होती. त्यामुळे हा एक माणूसच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका मला होती. हा गृहस्थ क्यूबात प्रेमगीतं लिहितो, पेरूत लोकगीतं आणि मेक्सिकोत नाताळची गाणी. माणूस आहे की नगरपालिका, मला कळेना. नेटवर ही दोन इंग्रजी अक्षरं शोधली तर जगभरचे डॉक्टर निघाले. काकांची नात म्हणाली, “मेबी ही वॉज अ डॉक्टर, आजोबा.” मग काही दिवस काका डी. आर. यांना डॉक्टरसाहेब म्हणत होते. माझा गोंधळ आणखी वाढला.

“पण कशाला हवंय तुम्हाला त्यांचं नाव?” मी एकदा वैतागून विचारलं.

“आमच्या हिच्यामुळे,” ते म्हणाले.

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलनीतल्या एका बारशाला त्यांनी पाळणा रचला होता. तो घरोघरी गायला जाऊ लागला, मग कोणीतरी त्याची कॅसेट काढली. कॅसेटवर पाळण्यापुढे छापलं होतं, ‘पारंपरिक’.

“ही हसली. म्हणाली, मी इतकी म्हातारी दिसते का?” काका म्हणाले. “मला नाही हसू आलं. या डी. आर. यांची निदान दोन अक्षरं तरी छापली. पूर्ण नाव कोणाला तरी माहीत असायला हवं.”

त्यानंतर मी वैतागणं सोडलं. मला काका फार आवडायला लागले होते.

एका रविवारी रेकॉर्डवाल्याच्या जागी त्याची बायको बसली होती. ती मूळची चिलीची. काकांनी लेबलवर बोट ठेवून तिला इंग्रजीत विचारलं, “हे डी. आर. कोण?”

“कोणीच नाही,” ती म्हणाली. “देरेचोस रेसेर्वादोस. म्हणजे हक्क राखीव. गाणं कोणाचं ते माहीत नसलं की असं छापायचे. कधी माहीत असूनही.”

काकांनी लेबल पुन्हा नाकाजवळ नेलं. “म्हणजे डी. आर. नाहीतच?” त्यांनी मला मराठीत विचारलं. डॉक्टरसाहेब गेल्याचं मलाही वाईट वाटत होतं.

मग काकांनी तिला पाळण्याची सगळी हकीकत सांगितली. ती मन लावून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, “त्यांचं नाव काय?”

“आमची ही,” काका सवयीने मराठीतच म्हणाले.

“ही,” ती म्हणाली. “छान नाव आहे.”

“नो, नो.” काका गडबडले. माझ्याकडे वळले, पण माझा काय उपयोग? एवढ्या रविवारांत मी ‘ही’ आणि ‘आमची ही’ यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. उखाणा घेतानासुद्धा आपण अडलो होतो, असं ते एकदा म्हणाले होते. त्यांच्या पिढीचे पुरुष बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. त्यांचे ओठ दोनदा हलले.

“नलिनी,” ते म्हणाले. मग तिला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने, आडनावासकट.

शेजारच्या गाळ्यावर कोथिंबीर निवडणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. काकांनी त्यांनाही सांगितलं.