काळे पडलेले काप

आमच्या मेडिकल कॉलेजातल्या मेंदू तपासणाऱ्या मॅडम देहदानात आलेल्या मेंदूचा आधी एमआरआय काढायच्या. मग त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून दोन्हींचा मेळ घालत बसायच्या.

"फोटोत नुसतं शिवार दिसतंय, भाऊ. माती काचेवरच दिसती," म्हणायच्या. कपाळावर सरकवलेला चष्मा टेबलभर शोधायच्या. मी सांगायचो नाही, तेवढीच करमणूक.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात देवणीच्या एका गुरुजींचा मेंदू आला. शेवटी गुरुजी लेकालाही ओळखत नव्हते. लेकाला एकच जाणून घ्यायचं होतं, हे आपल्याही वाट्याला येणार का.

बिघाड दिसावा म्हणून कापांना चांदीच्या द्रावणाचा रंग चढवायला डिस्टिल्ड पाणी लागायचं. स्टोअर माझ्याकडं, कॅन कोरडा. मी पडलो हुशार. बोअरचं पाणी फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरलं आणि "पाणी हाय की, मॅडम" म्हणत मिरवलो. बोअरच्या क्षारांनी होते नव्हते ते सगळे काप काळे पडले.

मॅडम ओरडल्या नाहीत. एकेक काच उजेडाकडं धरत राहिल्या, पार शेवटच्या काचेपर्यंत.

सकाळीच येऊन आमच्यापाशी बसलेल्या लेकानं शेवटी विचारलं, "कळलं का काई?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "माझ्याच हातून वाया गेलं."

"आता परत?"

"मेंदू एकच असतो, बाबा."

जाता जाता तो माझ्याकडं वळला. "साहेब, तुमचं नाव काय म्हणलात?"

सकाळपासून चौथ्यांदा तो हेच विचारत होता, आणि दर वेळी मी सांगितलं होतं. मॅडमनी कपाळावरचा चष्मा न शोधताच डोळ्यांवर ओढला.