काळ्या आरशातला गोरा

आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे सर निवृत्त झाले आणि जादूगार झाले. गावठी नव्हे. अंजन लावून हरवलेलं जनावर शोधणाऱ्यांविरुद्ध त्यांनी आयुष्यभर व्याख्यानं झोडली होती. सरांची जादू इटलीच्या विद्वानांनी ग्रीक पोथ्यांतून उकरलेली, तिथून इंग्लंडच्या दरबारी पंडितांनी उचललेली. तिला तळटीपा होत्या.

एरवी कुणाला त्रास नव्हता. पण नेकनूरला मेहुण्याच्या रानाला लागून घेतलेली त्यांची मोसंबीची बाग वाळायला लागली. विहीर आटलेली, बोअरची गाडी गावात आलेली आणि जागा ठरेना. नारळ हातावर धरून फिरणारा पाणाड्या बोलावणं पदवीला शोभेना. म्हणून सरांनी काळ्या दगडाचा आरसा ऑनलाइन मागवला. एक जुना इंग्रज पंडित म्हणे त्यातून देवदूतांना प्रश्न विचारायचा. साक्षीदार म्हणून मला नेलं.

सरांनी मेणबत्ती लावली आणि ते लॅटिन पुटपुटले. बराच वेळ आरशात त्यांच्या मिशाच दिसत राहिल्या.

"त्या इंग्रजाला तरी दिसायचं का?" वहिनींनी चहा ठेवत विचारलं.

"नाही. त्यानं बघणारा माणूस ठेवला होता."

"मग आमचा भाऊ पायाळू हाय की. पायाकडून जन्मलेल्याला अंजनात दिसतं, ह्यात कावून न्हाई दिसणार?"

सरांनी अंजन आणि आरसा यांतला तात्त्विक भेद समजावून सांगितला आणि मेहुण्याला बोलावलं.

मेहुण्यानं आरसा मांडीवर घेतला. "दाजी, एक गोरा हाय. दाढी लई मोठी. बोट दाखवतोय."

"कुठं?"

"लिंबाकडं. न्हाई, बांधाच्या पलीकडं."

बांधाच्या पलीकडं मेहुण्याचं रान.

"त्याला म्हणावं, जरा अलीकडं दाखव," मी म्हणालो.

"म्हणलो. आयकंना."

देवदूताशी घासाघीस करायची नसते, असं सरांनी मला बजावलं. बोअर मेहुण्याच्या रानात झाला, खर्च सरांचा. पाणी भरपूर लागलं. प्रयोग सिद्ध झाला.

आता मेहुण्याचा ऊस भिजला की उरलेल्या लाइटीत पाइप बागेकडं वळतो. अर्धी मोसंबी जगली. उरलेलीसाठी परवा सरांनी माझ्यादेखत मेहुण्याला पाळी वाढवून मागितली.

"माझी कुठं ना हाय, दाजी," तो म्हणाला. "पण पाणी त्या गोऱ्यानं दिलेलं. त्याला इचारावं लागंल."

सर उठले आणि आरसा पुसायला फडकं शोधू लागले.