दमणं हा आकडा नाही

गुरुदास सरांना तहान लागली तरी ते नुसतं 'पाणी द्या' म्हणत नसत. 'साधारण पाऊण ग्लास' म्हणत. पाऊस येईल का असं कोणी विचारलं, तर आधी चष्मा पुसत, मग आभाळाकडे न बघता मोबाइलकडे बघत, 'साठ टक्के' म्हणत आणि छत्री विसरून बाहेर पडत. कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे. शिकवतानाची भाषा इस्त्री केलेली. रागावले की तीच भाषा लुंगी नेसून अंगणात यायची. 'सरासरी म्हणजे समूहाचा प्रतिनिधी, लक्षात घ्या,' इथपर्यंत सगळं पुस्तकी चालायचं. मागच्या बाकावर कोणी खुसफुसलं की, 'काय रे मेल्या, थंय बाजार भरलो काय?' या दोन भाषांच्या मध्ये नाकातून घेतलेला एक छोटासा श्वास असायचा. सरांची नक्कल अख्खं कॉलेज करायचं, पण तो श्वास जमायचा फक्त कावेरीला.

कावेरी तिसऱ्या वर्षाला होती. मुलींच्या बास्केटबॉल टीममधली सगळ्यात उंच पोरगी, आतल्या गावातली, एसटी चुकली की कॉलेज चुकलं अशा ठिकाणची. सरावाआधी ती कानावर पेन अडकवायची, नसलेला चष्मा पुसायची, श्वास घ्यायची, आणि पोरी पोट धरून खाली बसायच्या. एकदा सर मागेच उभे होते. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'श्वास बरोबर. टक्केवारी चुकली.' त्या दिवशी कावेरीला हसून हसून उचकी लागली होती.

सर स्वतः कधीच खेळले नव्हते. कोल्हापुरात शिकताना ते कोर्टाच्या कडेला बसून कॉलेजच्या सामन्यांचे गुण लिहायचे, तेवढाच त्यांचा नि चेंडूचा संबंध. पण तो जडला तो जडलाच. इथे नोकरीला आल्यावर त्यांनी भाईंना गाठलं. भाई म्हणजे खेळांचे शिक्षक. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. मालवणचे, होड्या असलेल्या घरातले, मोकळ्या आवाजाचे. 'बसा हो सर, खुर्ची माझ्याच बापाशीची आसा,' म्हणाले, आणि सर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले.

कोणी कुठून चेंडू टाकला, किती आत गेले, रिंगवरून उडालेला कोणी पकडला, सगळं ते टिपायचे. त्यांचा लाडका आकडा मात्र वेगळाच होता. एखादी मुलगी कोर्टवर असताना टीमची आघाडी वाढते की घटते, हे ते काढायचे आणि त्याला 'वजाबाकी' म्हणायचे. जी मुलगी बास्केट करत नाही पण खेळ सावरते, तीसुद्धा या आकड्यात सापडते, असं ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. पोरी सुरुवातीला नाकं मुरडायच्या. मग सामना संपला की घाम पुसत स्वतःच यायच्या, 'सर, माझी वजाबाकी?' आणि फायदा झाला, हे कोणालाही नाकारता येणार नाही. बाजारपेठेतल्या गौरजाला सरांनी सांगितलं की डाव्या कोपऱ्यातून टाकणं सोड, तिथून तुझे वाया जातात. तिने सोडलं आणि तिचे गुण वाढले. तेव्हापासून सरांचा शब्द म्हणजे शब्द.

जिल्ह्यातल्या कॉलेजांची साखळी स्पर्धा चतुर्थी उरकली की सुरू व्हायची. पहिली फेरी दिवाळीपर्यंत, दुसरी दिवाळीनंतर. त्या वर्षी दुसऱ्या फेरीला विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणाऱ्या बाई येणार होत्या. कावेरीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला कोणी बघायला येणार नव्हतं. ती बूट रोज पुसायची.

पहिल्या दोन सामन्यांत ती अशी खेळली की देवगडच्या पोरींनी सामन्यानंतर तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग उतरण लागली. फ्री थ्रो रिंगलाच धडकायला लागले. हातातले पास सुटायला लागले. वजाबाकीसुद्धा शून्याखाली गेली. पहिली फेरी संपली तेव्हा सरांच्या पडद्यावर कावेरीची रेघ घाटातून गाडी उतरावी तशी खाली गेली होती, आणि दुसऱ्या फेरीसाठी पाच जणी ठरवायच्या होत्या.

भाईंनी थोडी ओढाताण केली. 'चेडू दमलला दिसता हो,' ते पोरीची बाजू घेत म्हणाले. 'दिवाळी जांवदे, मगे बघूया.'

सरांनी श्वास घेतला. 'दमणं हा आकडा नाही, भाई. मला आकडा द्या.'

भाईंकडे आकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी हे वाक्य कॉलेजभर झालं. कँटीनमध्ये बटाटवडे संपले की पोरं ओरडायची, संपणं हा आकडा नाही. कावेरीने मात्र या वाक्याची नक्कल एकदाही केली नाही.

तिला पाचातून काढल्याचं सरांनी स्वतः सांगितलं; पाठीमागून निरोप धाडणाऱ्यातले ते नव्हते. कोर्टाच्या कडेला लॅपटॉप तिच्याकडे वळवून त्यांनी रेघ समजावली. ती हात पाठीमागे धरून बघत राहिली.

'दिवाळीनंतर परत बघशात, सर?'

'कल बदलला तर नक्की बघणार.'

कल बदलायचा तर खेळायला मिळायला हवं, आणि खेळायला मिळायचं तर कल बदलायला हवा. असली गोल गोल फिरणारी चूक सर दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत आणि वर 'सावध राहा' असं लिहीत. त्या दिवशी त्यांना ती दिसली नाही.

दिवाळीनंतर सरावात कावेरी टाकेल तो चेंडू आत जाऊ लागला. सरांनी बघितलं. पण सराव म्हणजे सामना नव्हे, समोर अडवायला कोणी नसतं, म्हणून त्यांनी ते टिपलं नाही. सामन्यांत तिला शेवटची चार-दोन मिनिटं मिळायची, त्यात ती बरी खेळायची. 'नमुना लहान,' सर म्हणाले. निवड करणाऱ्या बाई आल्या, गौरजाचं नाव लिहून घेऊन गेल्या. टीम जिल्ह्यात दुसरी आली. कोणी सरांना नावं ठेवली नाहीत. उलट संख्याशास्त्राचा असा उपयोग केल्याबद्दल त्यांना शाल आणि नारळ मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत कावेरीही होती.

जानेवारीत सरांना शिक्षकांच्या एका शिबिरात या प्रयोगावर बोलायचं होतं. म्हणून त्यांनी सगळ्या मुलींच्या रेघा पहिल्यांदाच एका पडद्यावर आणल्या. आणि मजा म्हणजे कावेरीसकट चौघींच्या रेघा एकाच पंधरवड्यात खाली बुडल्या होत्या आणि दिवाळीनंतर एकदमच वर आल्या होत्या. बाकीच्यांच्या सरळ. सर हरखले. असं काही सापडलं की त्यांना सणासारखं वाटायचं. चेंडू बदलला होता का? एसटीची वेळ बदलली होती? तापाची साथ? दोन दिवस ते हाच विचार चघळत हिंडले.

तिसऱ्या दिवशी जेवताना भाताचा गोळा झाला होता. त्यांच्या बायकोने, नम्रताने, वाढता वाढता सांगितलं, 'नवे तांदूळ आसत. पाणी कमी घालूक व्हया होता.'

सरांचा घास हातातच राहिला.

नवे तांदूळ. म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधली कापणी. चौघीही आतल्या गावांतल्या, भातशेतीवाल्या घरांतल्या. उजाडायच्या आधी विळा घेऊन कुणग्यात, भाताच्या वाफ्यात, उतरायचं, भारे डोक्यावरून खळ्यात आणायचे, मग एसटी पकडायची आणि कोर्टवर उभं राहायचं. आणि हे सरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. विळा हातात मावायला लागला तेव्हापासून ते परशुरामांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागून भात कापत आले होते. अंगठ्याच्या मुळाशी कशी ठणक लागते, दुसऱ्या दिवशी पेनसुद्धा कसं धरवत नाही, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. त्या दिवसांत शाळेतले मास्तर हजेरी घेताना रिकाम्या बाकांकडे बघायचे नाहीत. पण वडील गेल्यावर कुणगा पडीक राहिला, सर बांद्याला हायवेच्या कडेला राहायला आले, तांदूळ दुकानातून पोत्याने येऊ लागले, आणि त्या पोत्यामागे त्यांच्या वर्षातून कापणी कधी निघून गेली ते त्यांना कळलंच नाही.

त्याच रविवारी ते कावेरीच्या घरी गेले. ती खळ्यात गवत उन्हात पसरत होती. तिची आई शेवंती चहा ठेवायला आत गेली. सरांनी मनाशी बरंच जुळवून आणलं होतं. ते पंधरा दिवस वगळले तर टीममध्ये सगळ्यात वर तूच येतेस, असं त्यांनी आकड्यासकट सांगितलं. कावेरी 'बरा' म्हणाली आणि गवत उलटं करू लागली.

'तू माका सांगलंस कित्याक नाय गो?' सर म्हणाले. न रागावता मालवणी बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी; कावेरीने चमकून वर बघितलं.

'सर, तुमी परशुराम काकांचे झील,' ती म्हणाली. 'तुमचो कुणगो आमच्या कुणग्याक लागान आसा. माका वाटला, तुमका ठावक आसतला.' मग परत गवताकडे वळत, 'ठावक असान काढलात, असा वाटला. म्हणान गप रवलंय.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चहा आला, तो त्यांनी प्यायला. कापणीची सबब सांगायची म्हणजे श्वास घेतल्याची सबब सांगण्यासारखं. तेही तिच्या वयाचे असते तर बोलले नसते. हे त्यांना कळत होतं आणि त्याने काही हलकं होत नव्हतं.

निघताना ते खळ्याच्या कडेला घुटमळले. 'एकदा माझी नक्कल करून दाखव गो,' ते म्हणाले. 'माका बघूची आसा.'

कावेरी लाजली. गवताची एक काडी उचलून तिने कानावर अडकवली. नसलेला चष्मा पुसला. नाकातून श्वास घेतला. आणि तिथेच अडली.

'आता येणा नाय, सर,' ती म्हणाली आणि काडी काढून गवतात टाकली.

यंदा सरांच्या तक्त्यात एक रकाना वाढला आहे: घरी कापणी आहे का. भाईंनी तो बघितला आणि आपली खुर्ची सरांकडे सरकवली. यंदा कापणीच्या दिवसांतले आकडे धरले जात नाहीत, आणि पोरींना ते फार आवडतं. कावेरीचं कॉलेज संपलं. बाहेरच्या व्हरांड्यात अजून कोणीतरी 'दमणं हा आकडा नाही' म्हणतं आणि पोरं हसतात. श्वास चुकीच्या जागी पडतो. पूर्वी सर बाहेर येऊन तो दुरुस्त करून गेले असते. आता ते हसणं विरेपर्यंत आतच, पुसून झालेला फळा पुन्हा पुसत राहतात.