ऐरणीचा हार

लष्कराच्या लिलावातून सोपानरावांनी जुना ट्रक आणला, तेव्हा अख्खं कुरुळी गाव बघायला लोटलं. ट्रकच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर होता. पण टायर पार गुळगुळीत, आणि कांदा भरला की काळ्या रानातल्या चिखलात गाडीचं पोट टेकायचं. म्हणून त्यांनी भंगारातून स्वस्तात मोठे टायर आणून चढवले. तर वळण घेतलं की ते मडगार्डला कराकरा घासायला लागले.

"पत्रा कापून टाका," लोक म्हणाले. पण पूजा केलेल्या गाडीला छिन्नी लावायची, हे काही सोपानरावांच्या मनाला पटेना.

ते रंगराव लोहाराकडं गेले. रंगराव तोंडाचा फाटका. "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून पोट भरतो मी, आन तू माझ्याच दारात ट्रक आणलास व्हय?" असं म्हणतच त्यानं भट्टी पेटवली. कोयते घडवायला म्हणून मोटारीच्या स्प्रिंगांचे जुने पाटे त्यानं जपून ठेवले होते. तेच तापवून, वाकवून, पाणी पाजून त्यानं ट्रकच्या चारही स्प्रिंगांत एकेक घातला. गाडी चार बोटं वर उचलली गेली आणि घासणं थांबलं. पाटे ट्रकात गेले, म्हणून त्या सुगीला रंगरावाकडं विकायला कोयतेच नव्हते.

खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेदिवशी, सोपानरावांनी सजवलेला ट्रक थेट त्याच्या भात्यापुढं उभा केला. बॉनेटवरचा झेंडूचा हार काढून ऐरणीला घातला.

"अरं, पूजा गाडीची करायची न्हवं?" रंगराव खेकसला.

"तीच करतोय," सोपानराव म्हणाले आणि त्यांनी ऐरणीवर डोकं टेकलं.